इलेक्ट्रिक जगची खटपट: थर्टीन्थ फ्लोअर एलिव्हेटर्सच्या आवाजाच्या मागावर

थर्टीन्थ फ्लोअर एलिव्हेटर्स हा साठच्या दशकातला अमेरिकन रॉक बँड. त्यांच्या इलेक्ट्रिक जगचा, म्हणजे माइक लावून वाजवलेल्या सुरईसारख्या भांड्याचा, आवाज घरी काढायची माझी खटपट चालू आहे. त्यात बरणीचा नाद सोडला. लोणच्याच्या बरणीचं तोंड फार रुंद, आवाज आत घुमायच्या आधीच बाहेर पडतो. साध्या मातीची सुरईही पाहिली, तीही आवाज पिऊन टाकते. आता अरुंद गळ्याची, आतून गुळगुळीत अशी चिनी मातीची सुरई मिळाली आहे आणि तिच्यातून अखेर हवा तसा आवाज निघतोय. त्यांच्या 'यू आर गोना मिस मी' या गाण्यात गिटारच्या मागे वळचणीला कबुतर घुमावं तसं जे अखंड चालू असतं, ते. ज्यांनी गाणं ऐकलंय त्यांना जास्त सांगायला नको.

आधी तंत्र. जग हेच वाद्य असलेल्या जुन्या लोकसंगीत बँडांतले वादक ओठ फडफडवून त्यात फुंकायचे, खर्जातला बेस काढायचे. एलिव्हेटर्सचा जगवाला टॉमी हॉल फुंकत नव्हता. तो तोंडानेच भरभर सुरांचे तुकडे म्हणायचा, जग त्यांना फक्त घुमारा द्यायचा आणि माइक जगच्या तोंडाशी धरलेला असायचा. म्हणजे वाद्य नावाला, काम सगळं गळ्याचं. मी साधा डायनॅमिक माइक सुरईच्या काठाला टेकवतो आणि ओठ त्याच्या शेजारी ठेवतो. बोटभर लांब गेलं की घुमारा संपला, अँपचा आवाज जरा वाढवला की शिट्टी. त्यामुळे सराव हेडफोनवरच. रिव्हर्ब (मोठ्या खोलीतला घुमारा) सढळ हाताने, डिले (उशिरा येणारा पडसाद) चिमूटभर. खरी अडचण तालाची आहे. जग ड्रमला धरून चालतच नाही, गाणाऱ्याच्या ओळींमधून आडवातिडवा पळतो. मी अजून समेवर येऊन थांबतो. हिंदुस्थानी संगीत ऐकत वाढलेल्या कानाची ही खोड जाता जात नाही.

एका विचित्र आवाजासाठी एवढा आटापिटा कशाला, तर या बँडची अख्खी गोष्ट त्या जगवाल्याभोवती फिरते म्हणून. 1965च्या अखेरीस टेक्ससमधल्या ऑस्टिनला टॉमीने माणसं जमवली. लिंग्समेन नावाच्या बँडमधून स्टेसी सदरलंड (गिटार), जॉन आइक वॉल्टन (ड्रम) आणि बेनी थर्मन (बेस). स्पेड्स या बँडमधून अठरा वर्षांचा रॉकी एरिक्सन, ज्याच्या किंकाळीला तोड नव्हती. 'यू आर गोना मिस मी' हे गाणंही रॉकीचंच, स्पेड्सबरोबर एकदा रेकॉर्ड झालेलं. टॉमीला धड कुठलं वाद्य येत नव्हतं, मग त्याने जग उचलला. पण बहुतेक शब्द त्याचे, तत्त्वज्ञान त्याचं आणि एलएसडीचा (भास घडवणाऱ्या अमली पदार्थाचा) आग्रहही त्याचाच.

1966मध्ये हेच गाणं बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत 55व्या क्रमांकावर गेलं. बँड सॅन फ्रान्सिस्कोला जाऊन अॅव्हलॉन बॉलरूममध्ये वाजवून आला आणि त्याच वर्षी पहिला अल्बम निघाला. नावातच 'सायकेडेलिक' (नशेतल्या भासांसारखं) मिरवणाऱ्या अगदी सुरुवातीच्या रॉक अल्बमांपैकी हा एक. मागच्या कव्हरवर टॉमीने थेट अॅरिस्टॉटलपासून सुरुवात केली आहे! वाचताना हसू येतं, पण माणूस पूर्ण गंभीर होता. मोनो आवृत्तीच ऐका. स्टिरिओ मिक्समध्ये गाण्यांचा जोरच निघून जातो, असं माझं ठाम मत आहे.

घसरण लवकर सुरू झाली. एलएसडी घेऊनच वाजवायचं हा टॉमीचा हट्ट वॉल्टनला मान्य नव्हता. त्यात ह्यूस्टनच्या इंटरनॅशनल आर्टिस्ट्स या त्यांच्या रेकॉर्ड कंपनीच्या कारभारावरचा रोष. थर्मन आधीच गेला होता. 1967मध्ये वॉल्टन आणि नंतर आलेला बेसवाला रॉनी लेदरमन दोघेही बाहेर पडले. तरीही नव्या जोडीला घेऊन त्याच वर्षी 'ईस्टर एव्हरीव्हेअर' केला, आणि तो माझ्या लेखी त्यांचा सर्वोत्तम अल्बम आहे. पुढच्या वर्षी कंपनीने 'लाइव्ह' म्हणून जे विकलं, ते स्टुडिओतलंच रेकॉर्डिंग, वरून टाळ्या चिकटवलेलं. जमल्यास टाळाच.

1968मध्ये सॅन अँटोनिओच्या हेमिसफेअर या जागतिक प्रदर्शनात रॉकी रंगमंचावर असंबद्ध बोलू लागला. स्किझोफ्रेनियाचं निदान झालं, ह्यूस्टनच्या इस्पितळात त्याच्या मर्जीविरुद्ध विजेचे झटके दिले गेले. 1969मध्ये गांजाच्या एका सिगारेटीपायी अटक झाली. टेक्ससचा तेव्हाचा कायदा फार कडक, म्हणून वेडाचा बचाव घेतला आणि रस्कच्या इस्पितळात गुन्हेगार मनोरुग्णांमध्ये 1972पर्यंत राहावं लागलं. एका सिगारेटीसाठी! शेवटचा अल्बम 'बुल ऑफ द वूड्स' मुख्यतः स्टेसीने ओढून नेला. त्यात जग जवळजवळ नाहीच, आणि ती पोकळी ऐकू येते. 1978मध्ये स्टेसी बायकोच्या गोळीने गेला.

यांचं देणं मात्र जागोजाग सापडतं. झेडझेड टॉप या रॉक बँडच्या बिली गिबन्सच्या आधीच्या बँडचं नाव होतं मूव्हिंग साइडवॉक्स, म्हणजे सरकते पदपथ: एलिव्हेटर्सच्या, म्हणजे लिफ्टच्या, नावाचाच पडसाद. 1972च्या 'नगेट्स' या जुन्या रॉक गाण्यांच्या संग्रहात 'यू आर गोना मिस मी' आलं आणि पुढच्या गॅरेज-पंकवाल्या पोरांपर्यंत पोचलं. 1990च्या रॉकी मानवंदना अल्बममध्ये आर.ई.एम.पासून जीझस अँड मेरी चेनपर्यंत सगळे बँड आहेत. ऑस्टिनच्या सायकेडेलिक महोत्सवाने तर यांच्या गाण्यावरून 'लेव्हिटेशन' हे नाव घेतलं, आणि मे 2015मध्ये तिथेच रॉकी, टॉमी, वॉल्टन आणि लेदरमन पुन्हा एकत्र वाजवायला उभे राहिले. 2019मध्ये रॉकी गेला.

आता पुढचं काम. 'ईस्टर एव्हरीव्हेअर'च्या रेकॉर्डिंगला माइक जगच्या तोंडाशी न धरता आतच ठेवला होता. माझा डायनॅमिक माइक सुरईच्या गळ्यातून जात नाही, म्हणून शर्टाला लावायचा कॉलर माइक वायरीने आत सोडून पाहणार आहे. तो तळाला टेकला तर खडखड येईल, तेव्हा गळ्यापाशी फोमचा तुकडा अडकवून लोंबता ठेवायचा बेत आहे. त्यावर त्याच अल्बममधल्या 'स्लिप इनसाइड धिस हाउस'ची आठही मिनिटं दम न तुटता निभली, तर रेकॉर्डिंग ऐकवतो. श्वास कुठे घ्यायचा हे कुणाला उमगलं असेल तर जरूर सांगा.