काकांची निळी रेक्झिनची बॅग
आज रामबागेत काकूंकडे गेलो होतो, काकांना जाऊन तीन महिने झाले. काकूंनी कपाटातून ती निळी रेक्झिनची बॅग काढली, पॉलिथीनमध्ये गुंडाळलेल्या एफडीच्या पावत्या, घराची रजिस्ट्री, आणि कॅलेंडरच्या एका फाडलेल्या पानामागे काकांच्या अक्षरात "घर तुझंच" एवढंच. खाली सही, पण साक्षीदार एकही नाही. काकू त्या पानावरून हात फिरवत बसल्या, मला बोलवेनाच.

मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, रजिस्ट्रेशन पण सक्तीचं नाही, साध्या कागदावर चालतं, पण दोन साक्षीदारांच्या सह्या लागतातच. त्या नाहीत म्हणजे आता 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे घर काकांच्या कमाईचं म्हणून काकू, दादा आणि ताई तिघांचे सारखे हिस्से, आजी असती तर तिचाही. लग्न झालेल्या मुलीचा हक्क जात नाही हे ताईलाच माहीत नव्हतं हो!

आणि एफडीला नॉमिनी दादा, त्यामुळे सगळ्यांना वाटत होतं पैसे त्याचेच. तसं नसतं, बँक नॉमिनीच्या हातात रक्कम देते पण मालक वारसच. दादानेच आधी म्हटलं, "आई, सगळं तुझ्या खात्यात टाकू." डोळे भरून आले बघा.

घरी आल्या आल्या बाबांसमोर वही ठेवली. ते म्हणाले, आत्ताच कशाला? मी म्हटलं बाबा, आत्ताच. शेजारच्या दोघांना रविवारी चहाला बोलावलंय, सह्यांसाठी.