बऱ्हाणपूर : तीन पायऱ्यांसाठी एक दिवस

सावद्याहून बऱ्हाणपूर म्हणजे आमच्यासाठी मावा जिलेबीचं गाव. यंदा मात्र नानांना घेऊन फक्त शाही किल्ल्यासाठी, म्हणजे तापीकाठच्या जुन्या राजवाड्यासाठी गेलो. आज हे शहर मध्य प्रदेशात असलं तरी फारुकी सुलतानांच्या खान्देशाची राजधानी हीच. १६०१ मध्ये अकबराने फारुकींचा असीरगड किल्ला घेतला आणि पुढे दख्खनचा सगळा मुघल कारभार इथून चालू लागला.

राजवाडा म्हटला की डोळ्यांसमोर रुंद, दोन्ही बाजूंनी वर चढत जाणारा संगमरवरी जिना येतो. तो इथे शोधू नका. मुघल इमारतीत जिना बहुधा भिंतीच्या पोटात असतो : अंधारा, अरुंद, पायऱ्या उंच. इथला मान जिना चढण्यात नव्हता. कोण कुठल्या पायरीपाशी थांबणार, यात होता.

त्याचा सगळ्यात जिवंत पुरावा बऱ्हाणपूरचाच आहे. नोव्हेंबर १६१५ मध्ये इंग्लंडचा राजदूत टॉमस रो इथे आला आणि जहांगीरचा मुलगा परवेझ याच्या दरबारात गेला. डोकं जमिनीला टेकवायला सांगितल्यावर त्याने साफ नकार दिला. शहजादा उंचावर बसलेला, वर भरजरी छत, खाली गालिचे, आणि समोर फक्त तीन पायऱ्या. त्यांवर चिटणीस उभा, बोलणं वर पोचवायला. रोने वर येऊन शेजारी उभं राहायची परवानगी मागितली. इराणचा शहा किंवा तुर्कांचा सुलतान आला तरी ते जमणार नाही, असं उत्तर मिळालं. मग खुर्ची मागितली, तीही नाही. सौजन्य म्हणून छताच्या चांदीने मढवलेल्या खांबाला टेकायची तेवढी मुभा मिळाली. हे सगळं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय.

गच्चीवरच्या दरबाराच्या अवशेषांत, खाली तापी दिसत असताना, मी नानांना हे सांगितलं. ते एका भिंतीला टेकून गुडघा चोळत होते. म्हणाले, "एवढ्या लांबून आलेला पाहुणा, आणि साधा पाट नाही दिला बसायला?" मला तर त्या तीन पायऱ्या कुठल्याही शंभर पायऱ्यांपेक्षा उंच वाटतात.

आता जाणाऱ्यांसाठी. भुसावळहून रेल्वेने तासाभरात पोचता येतं. स्टेशन लालबागेत, शहरापासून दूर आहे, तिथून रिक्षा करावी. रस्त्याने आलात तर फैजपूर, सावदा, रावेर अशी दोन्ही बाजूंना केळीच केळी. किल्ल्यात सकाळीच शिरा, दुपारी गच्चीवरचा दगड तापतो. चप्पल नको, घट्ट बूट हवेत. गुडघे दुखणाऱ्यांनी आधी खालचा हमामखाना (शाही स्नानगृह) बघावा. नानांना मी उलट क्रमाने फिरवलं, ती चूक झाली. हमामाच्या छतावरची रंगीत नक्षी मान वर करून निवांत बघा. भिंतीला हात लावू नका, रंग फार नाजूक झालेत.

मुमताजमहल १६३१ मध्ये याच शहरात बाळंतपणात गेली. तिचं पहिलं दफन तापीपलीकडे जैनाबादच्या आहुखान्यात, म्हणजे हरणांच्या बागेत झालं, सहाएक महिन्यांनी देह आग्र्याला नेला. वेळ असेल तर तिकडेही जा. जामा मशिदीतला संस्कृत शिलालेख मात्र कुठल्याही परिस्थितीत चुकवू नका. जिलेबी गरम असेल तिथेच खा, घरी आणेपर्यंत तिची मजा जाते.