वेळापूरच्या वाटेवर फ्रँको

नातेपुते, माळशिरस ही वारीतली मुक्कामाची गावं आता वेगवेगळी आठवत नाहीत. टँकर, राहुट्या, पहाटेची घाई सगळं एकमेकांत मिसळून गेलंय. खुडूस फाट्याचं रिंगण झालं, अश्वांच्या टापांखालची माती कपाळाला लावली आणि वेळापूरची वाट धरली, ती दुपार मात्र जशीच्या तशी आहे. डाव्या टाचेला फोड आला होता, डांबर तापलं होतं आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना स्वागताचे फ्लेक्स. नेत्याचा चेहरा हातभर, विठोबा कोपऱ्यात एवढासा. डोकंच फिरलं.

लिंबाच्या सावलीला टेकलो. शेजारी सोलापूरच्या पूर्व भागातल्या, विड्या वळणाऱ्या एक मावशी होत्या. "पाय इकडं करा, माउली," म्हणाल्या. सुई काडीच्या जाळावर धरली, पांढरा सुती दोरा ओवला; रंगीत नको, रंग जखमेत उतरतो. फोडाच्या एका कडेनं सुई घातली, दुसऱ्या कडेनं काढली आणि दोन्हीकडं दोन-दोन बोटं दोरा तसाच ठेवला. त्यावाटे पाणी झिरपून जातं. वरचं कातडं सोलायचं नाही, सोललं की खालच्या मांसात धूळ जाते आणि दुसऱ्या दिवशी पाय टेकवत नाही.

फ्लेक्सवरून माझी कुरकुर चाललीच होती. इतिहास शिकवणारा माणूस मी, तोंडून निघून गेलं, "स्पेनमध्ये फ्रँको नावाच्या हुकूमशहानं हेच केलं होतं."

"काय केलं होतं?"

पुढं वेळापूरपर्यंत तेच बोलत चाललो.

१९३६च्या जुलैमध्ये सेनापतींनी लोकशाही सरकारविरुद्ध बंड केलं, तेव्हा त्यांच्या पहिल्या जाहीरनाम्यांत धर्माचं नाव जवळपास नव्हतंच. ते मागून आलं. ३० सप्टेंबरला सालामांका शहराच्या बिशपनं, म्हणजे तिथल्या मुख्य धर्माधिकाऱ्यानं, पत्रक काढून या यादवीला धर्मयुद्ध ठरवलं, आपला वाडा फ्रँकोला मुख्यालयासाठी दिला, आणि दुसऱ्याच दिवशी बुर्गोसला फ्रँको राष्ट्रप्रमुख झाला. बंडखोर सेनापतीचा एका रात्रीत धर्मरक्षक झाला.

"आणि तिथले महाराज लोक गप्प बसले?" मावशींनी नेमकं तेच विचारलं.

गप्प बसले नाहीत, बहुतेक त्याच्या बाजूनं बोलले. त्याला कारणही होतं. सरकारच्या बाजूच्या मुलखात सुमारे ६,८०० धर्मगुरू, साधू, जोगिणी मारल्या गेल्या. त्यांत १३ बिशप. ही भीती खरी होती, रक्त खरं होतं, आणि फ्रँकोनं ते आपल्या नावावर जमा करून घेतलं. १ जुलै १९३७ला बिशपांनी जगाला सामुदायिक पत्र लिहून त्याची बाजू मांडली. तारागोनाचे कार्डिनल, म्हणजे पोपखालोखालच्या मानाचे धर्माधिकारी, विदाल यांनी त्यावर सही केली नाही. ते परत मायदेशी येऊ शकले नाहीत, १९४३ला परमुलखातच गेले. आणि याच धर्मरक्षकाच्या सैन्यानं उत्तर स्पेनमधल्या बास्क प्रांतातल्या डझनाहून जास्त धर्मगुरूंना गोळ्या घातल्या होत्या, त्याबद्दल त्या पत्रात निषेधाचा शब्द नाही. मला याचा आजही संताप येतो.

त्यांचीही एक वारी आहे, सांतियागोची, म्हणजे संत जेम्सच्या समाधीची. १९३७च्या जुलैमध्ये फ्रँकोनं हुकूम काढून त्या संताला पुन्हा देशाचा रक्षक ठरवलं आणि २५ जुलैला त्याच्यापुढं सरकारी नजराणा ठेवायची प्रथा परत चालू केली. चर्चमध्ये शिरताना त्याच्या डोक्यावर खांबांवर तोललेलं छत धरत. ते छत एरवी येशूचं शरीर मानलेल्या प्रसादावर धरतात. मावशी थबकल्या. "म्हंजे पादुकांवरचं छत्र काढून आपल्याच डोक्यावर?" अगदी तेच. सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश संत तेरेसाचा हात म्हणून पुजला जाणारा अवशेष युद्धात त्याच्या हाती लागला. रोंदाच्या मठाचा तो ठेवा त्यानं मरेपर्यंत स्वतःपाशी ठेवला. नाण्यांवर कोरलं, देवाच्या कृपेनं स्पेनचा नेता.

पण सत्ता टिकली ती लेखी करारांच्या जोरावर. पोपशी झालेल्या १९४१च्या करारानं बिशप नेमायची रीत ठरली: सरकार आणि पोपचा दूत मिळून किमान सहा नावं काढणार, पोप त्यातली तीन निवडणार, तिघांतला एक फ्रँको. म्हणजे नकोसा माणूस वर पोचायचाच नाही. १९५३च्या करारात हे कायम झालं. बदल्यात चर्चला शाळांवर ताबा, पगार, करमाफी. घटस्फोट तर युद्ध संपताच रद्द झाला होता.

वेळापूरच्या तळावर समाजआरतीला चोपदारांनी दंड उंचावला आणि सगळे टाळ थांबले. एका दिंडीचे थांबेनात. तक्रार असली की ती दिंडी टाळ वाजवतच राहते. चोपदार तिथं जाऊन ऐकून घेतात, मग आरती. पाण्याच्या टँकरचं काहीतरी होतं. भुकेनं जीव चाललेला, आणि तरीही तो टाळ मला फार मोलाचा वाटला.

स्पेनमध्येही तो वाजला, उशिरा. साठच्या दशकात तरुण धर्मगुरू कामगारांच्या आणि बास्क लोकांच्या बाजूनं उभे राहिले, तेव्हा १९६८ला सामोरा गावी धर्मगुरूंसाठी वेगळा तुरुंग उघडावा लागला. १९७१ला बिशप आणि धर्मगुरूंच्या संयुक्त सभेत ठराव आला: यादवीत आपण समेट घडवणारे झालो नाही, त्याची क्षमा मागू. बाजूनं बहुमत पडलं, लागणारं दोन-तृतीयांश पडलं नाही. फ्रँको तेव्हा जिवंत होता, गादीवर होता, आणि तरीही हे मतदान झालं.