एकटीनं बाईक चढवायची तर ट्रेलर कसा हवा?

बाईक नेण्यासाठी कारमागे जोडायचा ट्रेलर बघायला गेले की सगळे वजन किती पेलतो तेच सांगतात. माझा पहिला प्रश्न वेगळा असतो: तळ जमिनीपासून किती उंच आहे? कारण बाईक ढकलणारी मी एकटी.

माझी बाईक 190 किलोची. तळ 60 सेंटिमीटर उंच आणि रॅम्प 180 सेंटिमीटरचा असेल, तर चढावर जवळजवळ 63 किलोचा जोर लावावा लागतो. तळ 30 सेंटिमीटरवर असला की तोच जोर निम्म्यावर येतो. म्हणून मी खाली झुकणाऱ्या तळाचा ट्रेलर घेतला. रॅम्पही रुंद हवा. अरुंद फळीवर अर्ध्या वाटेत पाय टेकवायला जागाच उरत नाही, आणि तिथं बाईक कलली तर सावरायला दुसरं कुणी नसतं!

दुसरी गोष्ट, पुढचं चाक पकडणारा चॉक. चाक त्यात अडकलं की बाईक स्वतः उभी राहते आणि पट्टे बांधायला दोन्ही हात मोकळे होतात. याशिवाय एकटीनं हे काम करू नये, असं मला ठामपणे वाटतं. चॉक पुढेमागे सरकवता येणारा असावा, म्हणजे बाईकचं वजन हवं तिथं आणता येतं. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा 10 ते 15 टक्के भार कार आणि ट्रेलरच्या जोडावर आला पाहिजे, नाहीतर वेगात ट्रेलर डोलायला लागतो.

चार भक्कम कड्या, रॅचेटचे (खटक्यानं आवळायचे) चार पट्टे. आणि हो, बाईक चढवण्याआधी ट्रेलर कारला जोडलेला हवा.