शनीपर्यंत किती टाळ्या?

सूर्यमालेचा धडा आला की दरवर्षी नववीत तोच प्रश्न येतो: तिथं पोचायला किती वर्षं लागतात, बाई? यंदा मी पोरांना मैदानावरच नेलं.

फक्कीनं ३० मीटरची रेघ मारली. एका टोकाला सूर्य. १ मीटर म्हणजे १५ कोटी किलोमीटर, म्हणजे पहिल्याच मीटरवर आपली पृथ्वी. गुरू ५ मीटरच्या थोडा पुढे, शनी साडेनऊवर, युरेनस १९ वर, नेपच्यून रेघेच्या शेवटी. एक टाळी म्हणजे एक वर्ष.

एक मुलगा व्हॉयेजर २ हे यान झाला. १९७७ च्या ऑगस्टमध्ये निघाला, दुसऱ्या टाळीच्या आत गुरू, चौथीला शनी, साडेआठच्या सुमारास युरेनस, बाराव्या टाळीला नेपच्यून. दुसरा झाला न्यू होरायझन्स. २००६ ला सुटलेलं हे यान अडीच टाळ्यांच्या आतच शनीची कक्षा ओलांडून प्लुटोच्या वाटेला लागलं.

मग कॅसिनी. १९९७ मध्ये सोडलेल्या या मुलीला मी उलटं, सूर्याकडे पाठवलं. दोनदा शुक्राजवळून, आणि दुसरी टाळी व्हायच्या आत परत पृथ्वीपाशी. ‘बाई, ही तर परत आली!’ पोरं ओरडली. तिसरी टाळी झाल्यावर गुरू, आणि शनी गाठेपर्यंत जवळजवळ सात टाळ्या.

‘एवढा उशीर का?’ मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून एक मुलगी म्हणाली, ‘बाई, त्या आधीच्या दोन्ही गाड्या विनाथांबा होत्या. हिला शनीला उतरायचं होतं.’ तिचे वडील एसटीत ड्रायव्हर आहेत. माझ्या अंगावर काटा आला. सगळं त्यातच होतं.

भरधाव आलेलं यान ग्रहाला धरून ठेवता येत नाही, ब्रेक लावावा लागतो. तिथं रस्ता नाही, म्हणून ब्रेक म्हणजे पुढच्या दिशेनं पेटवलेलं इंजिन. कॅसिनीचं १ जुलै २००४ ला सुमारे ९६ मिनिटं पेटलं होतं. ते इंधन घरूनच न्यायचं. म्हणून न्यू होरायझन्स पाचशे किलोच्या आत, तर कॅसिनी साडेपाच हजारांच्या वर. एवढं ओझं रॉकेटला थेट शनीकडे फेकता येईना, म्हणून शुक्र, पृथ्वी आणि गुरू यांच्याजवळून जाताना त्यांच्या ओढीनं वेग उसना घ्यायचा. पण मग कॅसिनी शनीपाशी १३ वर्षं राहिलं, आणि त्याच्यासोबत गेलेलं हायगेन्स हे छोटं यान शनीच्या टायटन या चंद्रावर उतरलं.

‘नेपच्यूनला थांबणारी गाडी कधी गेली?’ त्याच मुलीनं विचारलं.

एकदाही नाही. १९८९ नंतर तिथं कुणी फिरकलेलंही नाही. कमीत कमी इंधनाच्या वाटेनं गेलं तर सुमारे ३० वर्षं लागतात.

तिनं बोटांवर हिशेब केला. ‘मी तेव्हा ४४ ची.’

घंटा झाली. बाकीची मुलं वर्गाकडे पळाली. ती मात्र फक्कीच्या रेघेवर उभी राहिली आणि म्हणाली, ‘बाई, वाजवा.’ एका टाळीला एक पाऊल, असं ती नेपच्यूनकडे निघाली. मी सगळ्या ३० टाळ्या वाजवल्या.