रिव्हर्स पडायला अकरा सेकंद: जुन्या व्होल्वोची हिवाळी नोंदवही

गाडी १९९१ची व्होल्वो २४०, स्टेशन वॅगन. २.३ लिटरचं इंजिन, त्याच्या मागे चार गिअरचा एडब्ल्यू-७० ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मीटरवर ३ लाख १२ हजार किलोमीटर. मुक्काम विनिपेग, जिथे जानेवारीतली साधी रात्र उणे २० अंशांची असते. कॅनडात हॅलिफॅक्सला १९६३ पासून १९९८ पर्यंत व्होल्वोचा कारखाना होता, त्यामुळे इकडे या गाड्यांवर जीव टाकणारी माणसं अजून भेटतात. मी त्यांतला एक. जूनमध्ये गाडी घेतली तेव्हा गिअर लोण्यासारखे पडत होते.

१९ नोव्हेंबर, उणे ९.
गिअरची दांडी आरवर, म्हणजे रिव्हर्सवर टाकली, गाडी हलेना. चौथ्या सेकंदाला धक्का बसून रिव्हर्स पडला. डीला, म्हणजे पुढे जायच्या गिअरला, दोन सेकंद. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन मध्येच मोकळं सुटल्यासारखं गुरगुरलं. पाच-सहा किलोमीटरनंतर सगळं सुरळीत.

३ डिसेंबर, उणे २२.
मुलगी शेजारी बसून फोनवर सेकंद मोजत होती. "बाबा, अकरा!" रिव्हर्सला अकरा, डीला पाच. गुरगुर थेट नवव्या किलोमीटरपर्यंत. एका गॅरेजवाल्याने बॉक्सला हात न लावताच निदान दिलं: उतरवा, दुसरा बसवा. मी नको म्हणालो, आणि का नको ते नीट लिहितो, कारण सगळी मेख इथेच आहे.

ऑटोमॅटिक बॉक्समध्ये तेल नुसतं वंगण नसतं, कामही तेच करतं. पंप तेलाला दाब देतो, दाबाने पिस्टन सरकतो, पिस्टन क्लचच्या चकत्या आवळतो. पिस्टनच्या कडेला रबरी सील असतं. तीस वर्षांत ते रबर कडक होतं, थंडीत आणखी आक्रसतं, आणि दाब भरायच्या आधीच तेल कडेने निसटतं. त्यात तेल घट्ट, म्हणजे पंपाला ते ओढायलाही जड. रिव्हर्सला जास्त वेळ लागतो, कारण तिथे क्लच आणि ब्रेक अशा दोन जागा भराव्या लागतात. पहिल्या गिअरला पुढचा क्लच भरला की भागतं. आता उलटं बघा. चकत्याच झिजल्या असत्या तर गाडी तापल्यावर जास्त घसरली असती, कारण गरम तेल पातळ होऊन आणखी निसटतं. माझी गाडी तापल्यावर सुतासारखी सरळ चालते. असा बॉक्स मोडीत काढणं मला पटत नाही.

६ डिसेंबर.
डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी मोजायची पट्टी. तिला दोन बाजू आहेत, एक थंड तेलासाठी, एक गरम. गिअरची दांडी सगळ्या गिअरांतून फिरवून पीवर (पार्कवर) आणायची, इंजिन चालू ठेवायचं आणि मग मोजायचं. थंड गाडीत गरम बाजूच्या खुणेपर्यंत तेल भरलं तर तापल्यावर ते फुगतं, आत फेस होतो आणि फेसाला दाब धरत नाही. ही चूक फार जणांकडून होते. माझ्याकडे पातळी थोडी कमी, रंग लालऐवजी उकळून काळवंडलेल्या चहाचा. वास घेतला, जळका नाही. त्या वासाने मला मोठा धीर आला.

त्याच दिवशी किकडाउनची केबल तपासली. ही केबल ॲक्सिलरेटर किती दाबलाय ते बॉक्सला कळवते आणि त्यावर आतला दाब ठरतो. ती चांगलीच सैल होती. सैल केबल म्हणजे कमी दाब, मिळमिळीत गिअर. मॅन्युअलप्रमाणे ताणून घेतली. तेवढ्यानेच दुसरा-तिसरा गिअर घट्ट पडू लागला.

१३-१४ डिसेंबर, तेलबदल.
गॅरेजमध्ये उणे ६ होतं. आधी गाडी अर्धा तास फिरवून आणली, मग स्टँडवर घेतली. बॉक्सच्या तळाचा तेलाचा पॅन खाली आला तेव्हा त्यात करडा चिखल होता, बोटांवर चोळला तर गंधासारखा मऊ. हे झीज झाल्याचं लक्षण खरं, पण वयाला शोभेल इतकीच. पितळेचे कण किंवा धातूचे कपचे दिसले असते तर मी तिथेच थांबलो असतो. या बॉक्सची गाळणी धातूच्या जाळीची आहे. ती धुऊन परत बसवता येते. जाळीचा जवळजवळ तिसरा हिस्सा बुजला होता. रॉकेलसारख्या द्रावणात तीनदा धुतली आणि दिव्यासमोर धरली, तर आरपार उजेड.

पॅनमधून निम्मंच तेल निघतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिनाचा जोर तेलातून बॉक्सला देणाऱ्या भागात, अडकून राहतं. म्हणून बॉक्सचं तेल थंड करणाऱ्या कूलरची परतीची नळी सोडून बादलीत घेतली, इंजिन काही सेकंद चालवून दोन लिटर काढलं, बंद केलं, तेवढंच नवं ओतलं. असं लाल तेल येईपर्यंत. एकूण नऊ लिटर सिंथेटिक लागलं. आपल्या बॉक्सला कोणतं चालतं हे मॅन्युअलमध्ये बघूनच घ्या.

जुनं आणि नवं तेल दोन काचेच्या बाटल्यांत भरून रात्रभर बाहेर ठेवलं. सकाळी उणे २७. बाटल्या एकदम आडव्या केल्या. जुनं तेल काकवीसारखं भिंत धरून उतरलं. नवं तेवढ्या वेळात बुचापर्यंत पोचलं. कागदावरही हा फरक दिसतो: उणे ४० अंशांना डेक्स्रॉन ३ या गिअर-तेलाच्या जुन्या मानकात घट्टपणाची मर्यादा २०,००० सेंटिपॉइज आहे, नव्या डेक्स्रॉन ६ मध्ये १५,०००. पण आकडा वाचणं वेगळं आणि ते डोळ्यांनी पाहणं वेगळं. मुलीने बाटल्या दोन दिवस हलवू दिल्या नाहीत.

१८ डिसेंबर, उणे २२.
रिव्हर्स सहा सेकंद, डी तीन. गुरगुर मात्र आठव्या किलोमीटरपर्यंत तशीच.

२७ डिसेंबर, उणे २४.
हे कोडं इन्फ्रारेड थर्मामीटरने सोडवलं. वीस किलोमीटर चालवून लगेच पॅनवर धरला: ३१ अंश. इतक्या चालवण्यानंतर तेल तापलेलंच नाही! नळ्यांचा माग काढत गेलो तर ग्रिलच्या मागे एक जादा ऑइल कूलर. आधीच्या कुणीतरी ट्रेलर ओढायला बसवलेला. उन्हाळ्यात तो वरदानच, पण उणे २४ च्या वाऱ्यात तो तेल तापूच देत नव्हता. तेलाला चालणारी नळी टाकून त्याला बाजूला काढलं, रेडिएटरमधला मूळचा कूलर तसाच ठेवला.

२९ डिसेंबर, उणे २४.
तोच रस्ता, तेच वीस किलोमीटर. पॅन ५८ अंश. गुरगुर तिसऱ्या किलोमीटरला बंद. मी गाडी कडेला घेऊन मुलीला फोन केला.

पुण्याहून चुलतभावाने विचारलं, आमच्या एएमटीला हे सगळं लागू आहे का. नाही. २०१४च्या सेलेरिओपासून आपल्याकडे रुळलेली एएमटी म्हणजे मुळात मॅन्युअल बॉक्सच. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तेवढं यंत्र करतं. तिच्यात टॉर्क कन्व्हर्टर नाही, तिचे आजार वेगळे.

१७ जानेवारी.
इथे प्रत्येक गाडीच्या नाकातून ब्लॉक हीटरची वायर लोंबते, पण तो इंजिन तापवतो, बॉक्सला त्याची ऊब पोचत नाही. म्हणून पॅनच्या तळाला १२५ वॉटचा सिलिकॉन पॅड चिकटवला. पत्रा घासून, स्पिरिटने पुसून, कोरडा झाल्यावरच; तेलकट पत्र्यावर तो टिकत नाही. टायमरवर दोन तास.

सील बदलायचे आहेत, ते मेमध्ये, बॉक्स उतरवून. बाटलीतलं सील फुगवणारं औषध मी घालणार नाही. रबर फुगतं तसं सैलही पडतं, आणि मला हा बॉक्स अजून बरीच वर्षं हवाय. तोवर थंड असताना दांडी टाकली की गिअर पडेपर्यंत ॲक्सिलरेटरला पाय लावत नाही. वाट न बघता रेस दिली तर उशिरा पडणारा गिअर सगळा जोर एकदम चकत्यांवर घेतो.

८ फेब्रुवारी, उणे ३१.
पॅड दोन तास. रिव्हर्स दोन सेकंद, डी एक. डिपस्टिकवर तेल लाल.