स्तोत्र १०७, वचन २८ पर्यंत

रत्नागिरी जिल्ह्यातल्या किनाऱ्यावर एका लहानशा मंडळीचा मी पाळक आहे. आमच्या बहुतेक घरांत कोणी ना कोणी मासेमारीत. १ जून ते ३१ जुलै बंदी असते तेव्हा चर्च भरलेलं असतं. ऑगस्ट लागला की पुरुषांचे बाक ओस पडतात.

अशाच एका ऑगस्टात शुक्रवारी वारा फिरला. आसपासच्या बोटी जयगडच्या खाडीत शिरल्या, एक शिरली नाही. तिच्यावर इंजिन सांभाळायला आमच्या मंडळीतला एक मुलगा होता. वायरलेस लागेना, मोबाईलचा तर प्रश्नच नव्हता. कोस्ट गार्डला कळवलं होतं. शनिवारची रात्र निम्मा गाव जेटीवरच होता.

रविवारी हंगामाची उपकारस्तुती ठरलेली होती. तरुण संघाने टाळ्यांचे दोन कोरस बसवले होते. कीबोर्ड वाजवणारा पोरगा सकाळीच माझ्याकडे आला. "साहेब, आज हेच वाजवायचं?" मुलाची आई, आम्ही सगळे काकी म्हणतो त्या, तिसऱ्या बाकावर येऊन बसलेली होती, पदर डोक्यावरून घट्ट घेऊन. मी म्हटलं, कीबोर्ड झाकून ठेव.

पण मग गायचं काय? उपासना संगीत हे आमचं गीतांचं पुस्तक चाळलं. ना. वा. टिळकांची पदं आहेत (करजगावचे ते, म्हणजे आमच्याच जिल्ह्याचे), एकाहून एक गोड आहेत. पण त्या दिवशी गोड काही घशाखाली उतरलं नसतं. आमच्या मंडळ्यांत स्तोत्रसंहितेतलं, म्हणजे बायबलातल्या स्तोत्रांच्या पुस्तकातलं, २३ आणि १०० सगळ्यांना पाठ. दीडशे स्तोत्रांपैकी साधारण तिसरा हिस्सा विलापाचा आहे, तो मात्र कोणी उघडत नाही. स्तोत्र १३ च्या पहिल्या दोन वचनांत 'कुठवर' हा सवाल चारदा येतो, देवालाच केलेला. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळही नाही. येशूने वधस्तंभावर हाक मारली तीही २२ व्या स्तोत्राची पहिली ओळ. एवढं सगळं हाताशी असून आम्ही टाळ्या वाजवत बसतो, याचा मला राग येतो.

अडचण चालीची होती. मराठी पवित्र शास्त्रात स्तोत्रं गद्यात आहेत, त्यांना ना अभंगाचं माप ना दिंडीचं. पण मूळ हिब्रू रचनेत प्रत्येक वचन बहुधा दोन तुकड्यांचं असतं. पहिला तुकडा जे म्हणतो तेच दुसरा फिरवून म्हणतो, किंवा पुढे नेतो. म्हणून एक सूर धरायचा, अर्ध्यावर जरा वर चढून थांबायचं, शेवटी परत सा वर टेकायचं. शब्द कमी-जास्त झाले तरी बिघडत नाही. मी ओळ द्यायची, मंडळीने झेलायची. भजनी बुवा आणि झीलकरी हेच करतात. १८२३ साली बाणकोटला आलेल्या स्कॉटिश मिशनऱ्यांच्या मायदेशी चर्चमध्येही असाच एक जण ओळ द्यायचा, वाद्य नसायचं. स्कॉटलंडच्या हेब्रिडीज बेटांवरच्या गेलिक भाषेतल्या मंडळ्यांत ही रीत अजून आहे, आणि तीही माणसं दर्यावर जगणारी. आमच्या म्हाताऱ्यांपैकी अर्ध्यांना वाचता येत नाही, त्यांना तर पुस्तक लागलंच नाही.

आधी १३ घेतलं. पहिल्या 'कुठवर'ला बायकांच्या बाजूने नुसती कुजबुज आली. चौथ्याला आवाज भरला.

मग १०७. त्यात चार तऱ्हेची संकटात सापडलेली माणसं आहेत: वाळवंटात भटकलेली, कैदेतली, आजारी, आणि २३ व्या वचनापासून जहाजांतून समुद्रावर गेलेली. तुफान उठतं, लाटा त्यांना आभाळापर्यंत चढवतात आणि तळाशी नेतात, ती प्यालेल्यासारखी झोकांड्या खातात, अक्कल चालेनाशी होते. २८ व्या वचनात ती परमेश्वराला हाक मारतात. २९ ला तुफान शमतं, ३० ला बंदर लागतं.

मी २८ ची ओळ दिली, ती झेलली गेली. २९ साठी तोंड उघडलं आणि काकी उभ्या राहिल्या.

"पाळकसाहेब, थांबा. पुढचं नको. हाक मारून झाली, उत्तर यायचं हाय अजून."

मागच्या बाकावरून मंडळीचे एक वडील (कारभार पाहणाऱ्यांना आम्ही वडील म्हणतो) म्हणाले, "अहो, विश्वासाने म्हणायचं असतं." काकींनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. मला त्यांचंच पटलं. शास्त्र अर्ध्यावर सोडू नये असं मला सेमिनरीत शिकवलेलं. पण ज्या शास्त्रात ८८ वं स्तोत्र आहे, त्यात २८ वर थांबायलाही जागा आहे. पुस्तक मिटलं. उपदेश केला नाही. प्रार्थना झाली आणि सगळे जेटीवर गेले.

सोमवारी दुपारी दुसऱ्या एका बोटीने ती बोट ओढत दाभोळला आणली. इंजिन बंद पडून ती वाहवत गेली होती. सगळे जिवंत होते. पोराच्या हाताला फडकं गुंडाळलेलं, बाकी धड.

पुढच्या रविवारी २९ पासून ३२ पर्यंत म्हटलं. नंतर तो पोरगा मला म्हणाला, "साहेब, हे लिहिणारा बोटीवर बसलेला असणार. ते झोकांड्यांचं अगदी तसंच होतं." इस्राएल लोक काही मोठे दर्यावर्दी नव्हते, तरी मी मान डोलावली.

३२ वं वचन म्हणतं, वडिलांच्या सभेत त्याची स्तुती करा. आमच्या वडिलांची सभा त्याच आठवड्यात भरली आणि माझ्याविरुद्ध तक्रार आली: रडगाण्यांनी तरुण पळतील. तरुण संघाचा प्रतिनिधी म्हणाला, आम्हाला चालतंय, फक्त ढोलकी द्या. शेवटी महिन्यातून एका रविवारी विलापाचं स्तोत्र घ्यायचं ठरलं, ढोलकीशिवाय.

भांडण राहिलंय ते १०९ वर. त्यात वैऱ्याची मुलं पोरकी होवोत, बायको विधवा होवो, असे शाप आहेत. मी म्हणतो, वाचू, पण गाऊन घेणार नाही. एक वडील विचारतात, "२८ वर थांबायचं काकींनी ठरवलं, १०९ गाळायचं तुम्ही ठरवणार?" मुद्दा मला खोडता आलेला नाही. पण हेच वडील गेली दोन वर्षं शेजाऱ्याशी जाळ्यावरून कोर्टात भांडतायत. त्यांच्या तोंडी १०९ मी तरी देणार नाही.